रिकाम्या बशीतले तीन धागे

चिमट्याने गोल गाळणकागद उचलून तिने तो सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला, डोळा लावला आणि तोंडातल्या तोंडात म्हणाली, "झालं!"

कागद रिकाम्या बशीतला होता. बाळांच्या दूध-पावडरीत प्लॅस्टिकचे किती कण आहेत हे मोजायचं, तर खोलीच्या हवेतून किती पडतात तेही कळायला हवं. म्हणून पावडरीचे नमुने गाळताना शेजारी एक बशी उघडी ठेवायची, तिच्यात नुसता ओला कागद. त्यावर काही सापडू नये. आज तिथे तीन धागे होते, लांबलचक, पोपटी रंगाचे.

सोमवारी सुनावणी. पावडरीत किती कण चालतील याची मर्यादा कायद्याने ठरायची होती, आणि ती तिच्या मोजणीवर ठरायची होती. याच दिवसासाठी तिने सहा वर्षं डोळे फोडले होते. पावडर बनवणाऱ्या कंपनीचा वकील तर टपूनच बसलेला. आजचे नमुने शेवटचे, ते धरल्याशिवाय हिशेब पुरा होत नव्हता. आणि रिकाम्या बशीत एक धागा चालतो. जास्त झाले की त्या दिवसाचे सगळे नमुने बाद. हा नियमही तिनेच लिहिलेला. आता चिडायचं तरी कोणावर?

आधी ती सफाईवाल्या काकांवर चिडली.

"काका, आत कोणाला घेतलं होतं?"

"मी?" काकांनी हातातलं ओलं फडकं तसंच बादलीत टाकलं. "तुमच्या खोलीत यायला डाससुद्धा घाबरतो, बाई. तुमच्याशिवाय कोण येतं इथे?"

खोटं नव्हतं. माणूस आला की त्याच्या कपड्यांचे धागे आले, म्हणून या खोलीत एका वेळी एकच माणूस. पंखा बंद, गप्पा बंद, सुतीखेरीज कपडे बंद. बाकीचे चार-चार महिन्यांत कंटाळून दुसऱ्या विभागात गेले. ही टिकली. घरीही एकटीच असल्यामुळे तिला वेगळी सवय करावी लागली नाही. लोक तिला मोजणीबाई म्हणत आणि तिला ते आवडतं असं धरून चालत. आवडत वगैरे काही नव्हतं.

तिने साहेबांना फोन लावला.

"तीनच ना? वजा करा नि मोकळ्या व्हा."

"एकाच्या वर गेले की बाद, साहेब."

"अहो बाई, सोमवार हुकला तर पुढची तारीख आठ आठवड्यांनी. तोवर तीच पावडर पोरांच्या पोटात जाणार आहे, ते नका विसरू."

ते ती विसरली नव्हती. तिने फोन ठेवला. कोण पाहणार होतं? एक टिचभर कागद, चुरगाळला की संपलं. तिने तो चिमट्यात धरला, दोनदा उचलला आणि दोनदा खाली ठेवला.

मग ती हात धुवायला गेली. आरशात पाहिलं आणि नळ तसाच वाहत राहिला. कानामागच्या केसांत एक पोपटी धागा अडकला होता, चांगला बोटभर.

सकाळी प्रयोगशाळेच्या फाटकापाशी धाकटी बहीण उभी होती. आईचं शेवटी कोणी किती केलं, यावरून दोघींची जुंपली होती, तेव्हापासून सात वर्षं अबोला. आज ना फोन, ना निरोप. अंगात भडक पोपटी, नकली लोकरीचा स्वेटर.

"अगं, किती हडकुळी झालीस तू!" म्हणाली आणि सरळ मिठीच मारली.

मोजणीबाईला आपले हात कुठे ठेवावेत ते सुचेना. मग सुचलं. दोघी फाटक अडवून रडत राहिल्या. मागचा गाडीवाला हॉर्न वाजवून वाजवून थकला.

"बस सुटेल माझी. पण आता येत जाईन हं, ताई," म्हणत धाकटी पळाली. आणि ताई नाक पुसत तशीच कामाला लागली. केसांवर घालायची सुती टोपी इतक्या वर्षांत पहिल्यांदा खुंटीवर राहिली.

ती खोलीत परत आली आणि तिने नमुने बाद करण्याचा छापील कागद पुढे ओढला. 'धागे कुठून आले?' या रकान्यात तिने लिहिलं, 'सख्खी बहीण. पोपटी स्वेटर. टोपी घालायला मी विसरले.' साहेब कपाळाला हात लावतील. वकील वाचून दाखवेल आणि सगळे हसतील. त्याचं एवढं काही नाही; पण आठ आठवडे, घरोघरच्या त्या बाटल्या! तिला लाज वाटत होती. आणि त्या लाजेखाली सकाळचा आनंद शाबूत होता, त्याची तर जास्तच लाज वाटत होती.

शेवटचा रकाना उरला: 'पुन्हा असे घडू नये म्हणून काय करणार?'

'टोपी' एवढं लिहून ती थांबली. मग ते खोडून तिने नीट अक्षरात लिहिलं, 'बहिणीला यापुढे काम आटोपल्यावर, संध्याकाळी भेटणे.'