सतरावी पटाशी

“ताई, आधी इकडे या. तुमचा माणूस दार अडवून उभा आहे. कुणाला घरी जाऊ देईना!”

सुतारखान्याच्या मिस्त्रींचा फोन. माझा चहा तसाच राहिला. तुरुंगातून सुटलेल्यांना कामाला लावायचं, हे माझं काम. आणि त्यांचं काम सुटलं की नव्या दारी जोडे झिजवायचे, हेही माझंच. याला तर नऊ ठिकाणी नकार मिळाला होता. मिस्त्री एवढंच म्हणाले होते, “ठेवतो. पण एक तक्रार, की संपलं.” त्याच्या बहिणीनेही बजावलं होतं, काम आहे तोवर माझ्या घरात जागा आहे.

आज तिसराच दिवस.

वाटभर मन चिंतत होतं ते वैरीही चिंतणार नाही. मारामारी, रक्त, पोलीस.

पोचले तर तो दाराला पाठ लावून उभा. समोर दोन कारागीर, हातात रिकामे डबे.

“या ताई,” त्यातला जाडा म्हणाला, “जेलरसाहेबांनी आम्हाला आत टाकलंय. सुटका कधी, तेवढं विचारा!”

“काय झालं रे?” मी दारातल्याला विचारलं.

“सकाळी कोरायच्या सतरा पटाश्या होत्या. आता सोळाच भरतात. मोजणी जुळल्याशिवाय कसं जायचं, ताई?” तो दाराला आणखी टेकला. “तिकडे एक कमी भरली, की सगळ्यांना...” आठ वर्षं तो तुरुंगात सुतारकामच करत होता.

मिस्त्री तापले होते. “ताई, हे नाही चालायचं.”

“चालायचं की नाही ते मग बघू. आधी पटाशी शोधू.” मी गुडघे टेकून भुशात हात घातला. मग नाइलाजाने सगळेच वाकले. मिस्त्री वाकले, आणि त्यांच्याच ॲप्रनच्या खिशातून पटाशी ठणकन खाली पडली.

“काखेत कळसा!” जाडा खो खो हसला. मिस्त्री हसले नाहीत.

माझ्या माणसाने पुन्हा मोजल्या. सतरा. मग तो दारातून बाजूला झाला, कारागीर सटकले. आणि हा भिंतीकडे तोंड करून, पाय फाकवून, दोन्ही हात वर करून उभा राहिला. झडतीसाठी.

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं.

ते त्याच्यामागे गेले. “केवढा हा भुसा अंगावर,” असं पुटपुटत त्याचे खांदे झटकले, पाठ झटकली, बाह्या झटकल्या.

“उद्या आठला. उशीर नको.”

त्याने हात हळूहळू खाली घेतले. दार सताड उघडं होतं. तरी मिस्त्री “जा” म्हणेपर्यंत तो उंबऱ्याशी थांबला.