काटोलहून आलेला स्कॅन

स्कॅनआधी टोचायच्या औषधाची सुई शिरली तशी मीराबाईंनी सौरवची बोटं गच्च आवळली. सोबत आलेला नातू गाडी लावायला गेला होता. केंद्रातला कॉम्प्युटरवाला का होईना, हाताशी सौरवच होता.

"परत तेच औषध, बाप्पा," त्या पुटपुटल्या. "किडनीचा डॉक्टर बोलला होता मले, हे घडीघडी घ्याचं नाही म्हून."

सौरवने नजर सुईवरून काढली. त्याच आठवड्यात काटोलच्या केंद्रात त्यांच्या पोटाचा स्कॅन झाला होता, आणि तो इथे, सक्करदऱ्याच्या मुख्य केंद्रात पोचलाच नाही, म्हणून परत काढायचा, असं सगळे म्हणत होते. पोचला होता. हे फक्त सौरवला ठाऊक होतं.

पूर्वी काटोल-मौद्याच्या केंद्रांतल्या स्कॅनच्या सीडी एसटीच्या कंडक्टरबरोबर यायच्या. सौरवने ती कटकट संपवली. सर्व्हरवर दोन कंटेनर उभे केले, म्हणजे सॉफ्टवेअरचे बंद डबेच म्हणा ना. एक आलेला स्कॅन घ्यायचा, दुसरा त्याची डॉक्टरांना मोबाइलवर उघडतील अशी चित्रं करायचा. मध्ये माणसाचा हात लागायचा नाही, याचा सौरवला कोण अभिमान! पडद्यावर 'मिळालं' दिसलं की मशीनवरचा स्कॅन मिटवा, उगाच जागा अडते, असं त्याने केंद्रांना बजावून ठेवलं होतं.

मीराबाईंचा स्कॅन आला त्या दिवशी पहिला कंटेनर अडकला. काटोलला 'मिळालं' कळवलं, पण स्कॅन पुढे न देताच बसून राहिला. सौरवने तो डबाच खुशाल काढून टाकला, नवा लावला आणि घरी गेला. आत आलेलं सगळं डब्याबाहेर साठवायची सोय करायची त्याच्याकडून राहून गेली होती. डबा गेला, त्याच्यासोबत मीराबाईंचा स्कॅनही गेला.

बाहेर येऊन त्याने काटोलच्या जितेंद्रला फोन लावला. तिथे स्कॅन काढणारा तोच.

"जितेंद्रभाऊ, मशीनवर अजून असेल का हो तो?"

"नाही जी साहेब. 'मिळालं' आलं अन् मिटवलं. तुम्हीच त सांगतलं होतं. पण माह्याच पाहण्यात चुकलं असन काही. तुमचं कॉम्प्युटर काहून खोटं सांगन? मॅडमले सकाळपासून माफी मागून राहिलो."

हा भला माणूस स्वतःच्या डोळ्यांना खोटं पाडत होता, आणि कोणावरच्या विश्वासापायी, तर सौरववरच्या! त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. फोन ठेवून तो तडक शामला मॅडमच्या केबिनमध्ये शिरला. सगळी केंद्रं त्यांचीच होती.

"मॅडम, काटोलचा स्कॅन आला होता. माझ्या हातून गेला. जितेंद्रभाऊंची काही चूक नाही."

मॅडमनी चष्मा काढला आणि त्या चक्क हसल्या.

"रडला ना तो तुझ्याजवळ?"

"नाही मॅडम, खरंच..."

"अरे, त्याने स्वतः कबूल केलंय. दोन पोरी आहेत त्याला, मलाही वाईट वाटतं. पण उद्यापासून तो नको. एका म्हाताऱ्या बाईच्या जिवाशी खेळ झाला. तू कशाला अंगावर घेतोस? मनाचा फार चांगला आहेस रे तू."

सौरव उभाच राहिला. कंटेनरमध्ये काय आलं आणि तो कोणी काढला, हे सारं सर्व्हरवर नोंदलेलं होतं. लॅपटॉप त्याच्या काखेतच होता. उघडून मॅडमपुढे धरला असता तर जितेंद्रची नोकरी तिथल्या तिथे वाचली असती.

"बस ना," मॅडम म्हणाल्या. "चहा सांगू?"

"सांगा," सौरव म्हणाला, आणि लॅपटॉप मांडीवर तसाच मिटलेला ठेवून खुर्चीत बसला.