एका दमाची बरणी

आमच्या काचेच्या कारखान्यात बरणी लोखंडी नळीने एका दमात फुंकायची. मध्येच दम तुटला की काचेवर वळ उठतो, आणि उस्ताद ती फोडून परत भट्टीत टाकतात. माझ्या दोन फुटल्या. दोन्ही वेळा खोकला आडवा आला. "सिगारेट सोड, नाहीतर तिसरीनंतर पॅकिंगला जा," उस्ताद म्हणाले. पॅकिंगला! मी? खोकी चिकटवायला?

सिगारेट मी शाळेत असतानाच धरली. मुलगी असून मला मुलीच आवडतात हे कळल्यापासून बाप पट्ट्याने मारायचा आणि कोळशाच्या खोलीत कोंडायचा. हुंदका बाहेर ऐकू गेला की पुन्हा मार. तिथे टांगलेल्या त्याच्या जुन्या कोटात सिगारेटचं पाकीट असायचं. धूर ओढला की हुंदका गप्प बसायचा. पुढे घर सोडलं तसा बाप सुटला, धूर काही सुटेना.

शेवटी बायकोने कंबर कसली. बायको म्हणजे माझीच बायको, शिवणकाम करते. कारखान्यात मी तिला मैत्रीण म्हणायचे, भित्री कुठली मी! तलफ आली की ती पाण्याची बादली पुढे सरकवायची. "घाल नळी, फुंक." मी बुडबुडे काढता काढता तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. "तुझ्यापेक्षा विंचू बरा गं बाई," म्हणत ती बादली पुन्हा भरायची.

तिसऱ्या बरणीच्या सकाळी आत्याचा फोन. "तुझे बाबा विचारतायत, थेरं थांबली का?" माझा हात आपोआप सिगारेटसाठी खिशात गेला. शेजारच्या कारागिराने तापल्या काचेवर सिगारेट पेटवून पुढे केली. "घे, एकच झुरका." जीव नुसता तुटत होता त्या झुरक्यासाठी.

"टाक ती भट्टीत," मी म्हणाले आणि नळी तोंडाला लावली.

काच साच्यात फुगू लागली. छातीत कळ आली. वाटलं, मेले, आला खोकला. पण तो हुंदका होता, कोळशाच्या खोलीत गिळलेला. या वेळी नाही गिळला. सगळा नळीत सोडला, हळूहळू, पार तळापासून.

दुसऱ्या दिवशी गार झालेली बरणी उस्तादांनी उजेडात फिरवली. एकही वळ नाही! "पहिली जमलेली बरणी ज्याची त्याने घरी न्यायची," ते म्हणाले. "मैत्रिणीला दाखव."

"बायको आहे ती माझी!" मी अख्ख्या कारखान्याला ऐकू जाईल असं म्हणाले.

सगळ्यांच्या माना वळल्या. उस्तादांनी बरणी माझ्या हातात दिली. "मग नीट धर की. बायकोला काय तुकडे देणार?"

घरी बायकोने आधी मला हुंगलं. "धूर?"

"भट्टीचा."

ती बरणी छातीशी धरून रडायलाच लागली. मग मीही रडले, मोठमोठ्याने, दार सताड उघडं टाकून.