पीओपीला टांगलेला प्रोजेक्टर

जळतो मी पवनवर. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कोणी मला चांगला माणूस समजायची चूक करणार नाही.

पवन माझा चुलतभाऊ, चार महिन्यांनी मोठा. आमच्या बापांनी वाटणी केली तेव्हा चिठ्ठ्या काढल्या. नाल्याच्या अलीकडचं वावर माझ्या बापाला आलं, पलीकडचं त्याच्या बापाला. माझा बाप त्या दिवशी गावभर हसत फिरला, कारण विहीर अलीकडच्या वावरात होती. मग कोळशाची खाण आली, आणि तिची हद्द नाल्यापाशी थांबली. पलीकडच्या वावराच्या बदल्यात पवनला खाणीत नोकरी लागली. आम्हाला विहीर राहिली, आणि खाण खोल गेली तसं विहिरीचं पाणीही गेलं. यात पवनचा गुन्हा काय? काहीच नाही. म्हणून तर जास्त जळतो. गुन्हा असता तर शिव्या देऊन मोकळा झालो असतो.

मी झटके खात खात लाईटचं काम शिकलो. पण एक गोष्ट माझ्याकडं होती जी पवनकडं नव्हती. दिवाळीनंतर गावात मंडई, म्हणजे जत्रा, भरली की चौकात दोन बांबू रोवून, पांढरं धोतर ताणून पिक्चर दाखवायचो मी. प्रोजेक्टर जुना, पंख्याचा आवाज चक्कीसारखा, पण शेजारच्या चार गावांची माणसं यायची. माझ्या पोरीला, दिव्यानीला, शाळेत सगळे 'पिक्चरवाल्याची पोरगी' म्हणायचे, आणि ती मान ताठ करून फिरायची. एवढीच माझी इस्टेट.

यंदा पवननं तीही काढून घेतली.

त्यानं गावात नवीन घर बांधलं, कॉलमचं. मागच्या खोलीत थेटर करायचं ठरवलं. नागपूरच्या माणसाकडून पीओपीचं नकली छत करून घेतलं, त्यात निळ्या लाईटच्या पट्ट्या. खोली आधीच ठेंगणी, त्यात हे छत खाली उतरलं. मी हात वर केला तर बोटं टेकत होती. सगळं झाल्यावर त्याला माझी आठवण आली.

"सुनिल, कोणता प्रोजेक्टर घेऊ सांग. यातलं तुलेच समजते."

तुलेच समजते म्हणे. मग पीओपी मारायच्या आधी काऊन नाही विचारलं?

तरी मी खरं तेच सांगितलं. "दादा, अशा ठेंगण्या खोलीत टांगू नको. माणूस उठला का डोक्याची सावली पडद्यावर. जवळून फेकणारा प्रोजेक्टर भेटते, थो पडद्यासमोर बुटक्या टेबलावर ठेव. एका हाताच्या अंतरावरून भिंतभर चित्र पडते."

"टेबलावर तं टीव्ही बी रायते बे. मले टांगलेला पायजे. आमच्या साहेबाकडं पाह्यला मी. आत गेल्याबरोबर वर नजर गेली पायजे माणसाची."

"आणि ब्लास्टिंग? खाण आता नाल्यापाशी आली. माझ्या घरी घड्याळ टिकत नाई खिळ्यावर."

पवन हसला. "तुझं घर मातीचं आहे, सुनिल. हे कॉलमचं आहे."

खोटं नव्हतं ते. पण खरं बोलताना माणसानं हसायची काय गरज?

त्यानं चांगला सहा किलोंचा धोंडा आणला. शुक्रवारी मी लावायला गेलो. पाऊस लागला होता, खाणीत ब्लास्टिंग बंद होतं. रीत अशी आहे की पीओपीला भोक पाडायचं, वरच्या खऱ्या स्लॅबपर्यंत पोचायचं, तिथं ड्रिल मारून लोखंडी बोल्ट ठोकायचे आणि त्यातून पाइप खाली सोडायचा. वजन स्लॅबनं घ्यायचं. पीओपीची पत्र्याची पट्टी पंखासुद्धा पेलत नाही, हे माझ्याकडं आठ दिवस काम शिकलेल्यालाही माहीत असतं.

मी स्टुलावर चढलो. खाली दिव्यानी गादीवर लोळून पडदा पाहत होती. पवनला ती मोठे बाबा म्हणते.

"बाबा, मोठे बाबा म्हणतेत का आता रोज पिक्चर. मग मंडईत आपल्या धोतरावर कोण पाहीन?"

"लोकं पायतीन."

"नाई पाह्यत. त्याच्यात माणसाची नाकंच दिसत नाई."

अकरा वर्षांची पोर. खोटं बोलायचं वय नाही ते.

पवन चहा सांगायला आत गेला होता. ड्रिल पिशवीत होतं. मी ते बाहेर काढलं नाही. पत्र्याच्या पट्टीत सहा स्क्रू पिळले, पाइप लावला, वर टोपण बसवून भोक झाकलं. दिसायला एकदम झकास.

पडावं असं माझ्या मनात नव्हतं. शपथ घेऊन सांगतो. फक्त हलावं. रोज ब्लास्ट झाला की चित्र पडद्यावरून भिंतीवर सरकावं, आणि रोज पवननं फोन करावा, "सुनिल, येतोस का रे?" मी जावं, नाही जावं, ते माझ्या मर्जीवर. कॉलमच्या घराला मातीच्या घरातल्या माणसाची गरज पडावी. एवढंच.

रविवारी दुपारी पवननं सगळ्यांना बोलावलं. रविवारी ब्लास्टिंग नसतं, म्हणून मीही निवांत गेलो. वीस-पंचवीस माणसं त्या खोलीत कोंबलेली. खुर्चीवर पवनची आई नीलाबाई, म्हणजे माझी मोठी आई. माझी बायको करिश्मा दाराजवळ. आणि दिव्यानी बरोबर मधोमध, प्रोजेक्टरच्या खाली, पाय पसरून.

पवननं जंगलाचा पिक्चर लावला. भिंतभर वाघ चालत आला.

मोठी आई म्हणाली, "बाप्पा! वावरात वाघ, घरात बी वाघ. मग म्हातारीनं जावं तं कुठी?"

खोली हसली. चित्र खरंच देखणं होतं. वाघाच्या मिशीचा केस न् केस दिसत होता.  माझ्या धोतरावर वाघ दाखवला असता तर लोकांनी त्याला कुत्रा म्हटलं असतं.

तेवढ्यात खाणीचा भोंगा वाजला.

आत डरकाळीचा आवाज एवढा, की कोणाला ऐकू आलं नाही. मला आलं. पावसानं दोन दिवस राहिलेलं ब्लास्टिंग त्यांनी रविवारी काढलं होतं. आमच्या गावात भोंगा वाजला की बाया हातातलं काम सोडून फळीवरच्या भांड्यांना हात लावून उभ्या राहतात. भोंग्यानंतर ब्लास्टला पाच-सात मिनिटं असतात.

"दिव्यानी, उठ तिथून. आईजवळ बस."

"काऊन?"

"उठ म्हणलं ना."

"नाई. मोठ्या बाबांनी इथी बसवलं मले. इथूनच मस्त दिसते."

"अरे, बसू दे ना पोरीले," पवन म्हणाला. "तुझ्या डोळ्यात काऊन खुपते?"

लोक पुन्हा हसले. खरं सांगून टाकायचं होतं, दोन वाक्यांचं काम. दादा, मी स्लॅबला बोल्ट मारला नाही. सगळे बाहेर व्हा.  पण पंचवीस माणसांसमोर हे बोलण्यापेक्षा मेलेलं बरं वाटत होतं मला, आणि खाली पोर बसली होती तरी वाटत होतं. हीच माझी लायकी.

दुसरा भोंगा झाला. मी माणसांच्या मांड्या तुडवत मधोमध गेलो, पोरीच्या दोन्ही बाजूंना पाय रोवले आणि हात वर करून प्रोजेक्टर खालून धरला. पडद्यावर वाघाच्या जागी माझं डोकं आलं, भोपळ्याएवढं.

"ओ सुनिलभाऊ! खाली बसा ना!"

"वाघानं खाल्लं रे सुनिलभाऊले!"

"बाबा!" दिव्यानी खालून ओरडली. "काय करून राह्यले तुम्ही? बसा ना!" तिला रडू यायला लागलं होतं.

"बे, आधी पोरीले हाकलत होता, आता सोताच उभा," पवन म्हणाला. "पाहवत नाई का तुले?"

प्रोजेक्टर बुडाशी तापला होता. बोटं भाजत होती. 

मग जमीन खालून ढकलली गेली. खिडकीची काच वाजली. पीओपी चरचरला आणि पत्र्याची पट्टी एका टोकानं सुटून वाकली. सहा किलो वजन पाइपासकट माझ्या हातात आलं. डोक्यावर, पोरीवर, सगळ्यांवर पांढरी भुकटी सांडली. वाघ पडद्यावरून उडून मोठ्या आईच्या लुगड्यावर जाऊन बसला.

पवननं लाईट लावली. दोघांनी मिळून प्रोजेक्टर खाली ठेवला. मग त्यानं वर पाहिलं. पीओपीला भगदाड पडलं होतं आणि त्यातून खरा स्लॅब दिसत होता. गुळगुळीत. एक भोक नव्हतं.

पवन खाणीच्या वर्कशॉपात आहे, लोखंडातच जन्म गेला त्याचा. त्याला समजलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं, खूप वेळ पाहिलं. मग लोकांकडं वळला.

"नागपूरवाल्यानं पीओपी कच्चा केला ना बाप्पा," तो मोठ्यानं म्हणाला. "सुनिल होता म्हणून वाचलो. पोरीचं डोकं फुटलं असतं."

सगळे माझ्याकडं वळले. कोणी पाठीवर थाप मारली. करिश्मानं तोंडाला पदर लावला. दिव्यानी माझ्या कमरेला बिलगली आणि म्हणाली, "बाबा, मी तुमच्यावर ओरडली."

थांबायला पाहिजे होतं मी तिथं. दुसरा कोणी थांबला असता. पवननं मला वाचवलं होतं, पोरीच्या नजरेत पहिल्यापेक्षा मोठं करून ठेवलं होतं. पण माझ्या मनात काय आलं? हे पण यालाच? वावर याचं, नोकरी याची, घर याचं, थेटर याचं, आणि मनाचा मोठेपणाही याचाच? आता जन्मभर मी याच्या उपकारात जगायचं?

"खोटं बोलून राह्यला थो," मी म्हणालो. "नागपूरवाल्याची काही चूक नाई. मी बोल्ट मारलेच नाई. जाणूनबुजून."

 नुसता प्रोजेक्टरचा पंखा फिरत होता.

"काऊन रे?" मोठ्या आईनं विचारलं.

"जळतो मी, मोठी आई. दुसरं काही नाई."

पवन हळूच म्हणाला, "मी झाकलं होतं ना बे. तुले काय गरज होती?"

"तू झाकलं म्हणूनच."

त्याला ते समजलं नाही. चांगल्या माणसांना समजत नाही.

दिव्यानीचे हात कमरेवरून कधी सुटले ते मला कळलं नाही. लोक एकेक करत उठले. मारलं असतं कोणी तर बरं झालं असतं, पण सगळे नुसते अंग चोरून बाजूनं गेले, जसा काही माझ्या अंगात करंट होता.

घरी जाताना करिश्मा पुढं, दिव्यानी तिच्या मागं, मी सगळ्यात मागं. पोरीच्या केसांत भुकटी होती. झटकावी म्हणून हात पुढं केला, तर तिनं मान बाजूला घेतली. हातपंपाजवळ ती थांबली.

"मी तिथी बसीन हे तुम्हाले मालूम होतं?"

"नाई बेटा. देवाशपथ नाई."

ती माझ्याकडं पाहत राहिली. तिला पटलं होतं, ते दिसत होतं.

"मग दुसऱ्याचं पोट्टं बसलं असतं, तं तुम्ही उठले असते?"

मी तोंड उघडलं. हो म्हणायचं होतं. करिश्मानं मागं वळून तिला हाक मारली, पण ती उत्तरासाठी उभीच राहिली, आणि मीही उभाच राहिलो.