गुण कुणाला आला

भिंतीवरची मंडळी तिला ‘पाल’ म्हणत आणि तिला त्याचा अभिमान होता. दिवसा ती चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची. संध्याकाळी चढाईच्या कृत्रिम भिंतीवर बोटभर पकडींना लोंबकळायची. गेलं दीड वर्ष मात्र उजव्या कोपराची आतली बाजू ठणकत होती. पट्टा झाला, बर्फ झाला, तेलं झाली. दोन महिने पूर्ण आरामही झाला. परत चढायला गेली, तर दुखणं पहिल्याच दिवशी हजर. आता चष्म्याच्या काडीचा स्क्रू पिळतानाही कळ मनगटापर्यंत जायची.

शेवटी नवऱ्याने तिला फिजिओथेरपिस्ट बाईंकडे धाडलं.

“स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी थकलीये,” बाई म्हणाल्या. “नुसत्या आरामाने ती मजबूत होत नाही आणि तुम्ही चढता तसं चढून तर नाहीच. मनगटाने वजन सावकाश खाली सोडायचं. पंधरा वेळा, असं तीनदा, एक दिवसाआड. बारा आठवडे.”

“आणि चढणं?”

“चढा की. मोठ्या पकडी, सोपे मार्ग.”

मोठ्या पकडी! त्या कोपऱ्यात वाढदिवसाला आलेली पोरं चढायची.

व्यायामाचा तक्ता फ्रिजवर लागला. केलं की रकान्यात खूण करायची. पालीने दहा दिवस मन लावून केलं. अकराव्या दिवशी दुखेना, म्हणून ती थेट पुढे झुकलेल्या भिंतीवर गेली. बाराव्या दिवशी दात डाव्या हाताने घासावे लागले. “या व्यायामात काही दम नाही,” असं नवऱ्याला सांगून तिने तक्त्याचं नाव टाकलं.

बारा आठवड्यांनी तपासणीची तारीख आली. तक्ता तिने न बघताच पिशवीत कोंबला. बाईंनी उघडला, तर एक रकाना रिकामा नाही.

“कमाल आहे! इतकं नियमित कुणीच करत नाही हो.”

पाल चाट पडली. पण फुकटची शाबासकी परत कोण करतं? मग बाईंनी कोपर दाबलं आणि ती किंचाळली.

“इतकं करूनही?” बाई बुचकळ्यात पडल्या. “मग आता सुईचं बघावं लागेल.” त्यांनी मोठ्या डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी लिहिली. पाल सुईला जाम घाबरायची.

घरी येऊन तिने नवऱ्याला धारेवर धरलं. त्याने कानावर हात ठेवले. तेवढ्यात शिलाई मशीनमागून सासूबाई म्हणाल्या, “खुणा माझ्या आहेत.”

“आई, तुमचं कोपर दुखत होतं?”

“नऊ वर्षं. कात्री चालवून चालवून.”

“मग कधी बोलला नाहीत?”

“तू इतकी कण्हत होतीस, मध्ये बोलायला फट कुठे होती? कागदावर चित्रं होती, ती बघून केलं. तू करेनास, मग रकाने कशाला वाया घालवायचे?”

“आणि आता?”

सासूबाईंनी जाड कापडाची चौपदरी घडी एका दमात कापून दाखवली.

सासूच्या दागिन्यांवर डोळा ठेवणाऱ्या सुना पालीने पाहिल्या होत्या. सासूच्या कोपरावर जळणारी बहुधा तीच पहिली.

दुसऱ्या दिवशी तिने बाईंकडे जाऊन सगळं कबूल केलं. बाईंनी चिठ्ठी फाडली. “सासूबाईंना घेऊन या,” एवढंच म्हणाल्या.

मग घरातलं राज्य बदललं. एक दिवसाआड संध्याकाळी सहाला सासूबाईंची हाक यायची. टाके मोजावेत तशा त्या मोजायच्या आणि पालीने घाई केली की म्हणायच्या, “उसवलं. पुन्हा पहिल्यापासून.” शनिवारी त्या भिंतीपाशीही येऊन बसू लागल्या. पालीचा हात बारीक पकडीकडे गेला रे गेला की खालून आवाज, “अगं, हात आवर!” सगळी भिंत हसायची.

चार महिन्यांनी कोपर पुष्कळ सुधारलं. अगदी बरं मात्र झालं नाही. थंडीत कुरकुरायचं, लागोपाठ दोन दिवस चढलं तर रुसायचं. व्यायाम आता कायमचा, असं बाई म्हणाल्या. वर, टाळाटाळ करणारे आपले पेशंट त्या सासूबाईंकडे धाडू लागल्या. परवा एक केशकर्तनकार बाई कोपर धरून आल्या. सासूबाईंनी ओळख करून दिली, “ही माझी सून. फार छान चढते. पण दुखण्याच्या बाबतीत हिचं काही ऐकू नका.”

पालीने मान डोलावली आणि सरकून त्या बाईंना बसायला जागा दिली.