तेरा मिलिमीटर

पट्टीवरचे साठ ते पासष्टमधले आकडे पुसून गेले होते – बहुतेक माणसांच्या दोन बुबुळांमधलं अंतर तिथंच कुठंतरी येतं, आणि चष्म्याच्या दुकानात चाळीस वर्षं बाबांचा अंगठा तिथंच टेकलेला – पण तिला हवा होता तेराचा आकडा, आणि तो अगदी कोरा करकरीत होता, कधी कुणाच्या कामीच न आलेला. डाव्या तळहातावर सरडा. चार महिन्यांचं पिल्लू, गळ्याखाली काट्यांची दाढी, वजन एखाद्या रुमालाएवढं. पट्टी त्याच्या डोक्यावर धरून तिनं पुन्हा पाहिलं. तेराच.

म्हणजे त्याला खायला आणलेले रातकिडेही मापात बरोबरच होते. मग हा खात का नाही?

बाबांच्या वहीत सगळं होतं. दिवसातून तीनदा रातकिडे, दहा मिनिटांत खाईल तेवढेच. उरलेले लगेच काढून घ्यायचे. रातकिड्यांना आदल्या दिवशी गाजर घालायचं – जे त्यांच्या पोटात, तेच शेवटी ह्याच्या पोटात. एका वेळी कॅल्शियमची पूड. सोबत कोवळा पाला बारीक चिरून, पालक नको. आणि पहिल्याच पानावर, खाली रेघ मारून : किडा दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. ज्या माणसानं जन्मात कधी साधा मासा पाळला नाही त्यानं सत्तरीला, डॉक्टरांनी रिपोर्ट समोर ठेवल्यानंतरच्या आठवड्यात, हा प्राणी का आणावा हे मात्र वहीत कुठंच नव्हतं. तिनं दोनदा शोधलं होतं.

बाबांना जाऊन तेवीस दिवस झाले. त्यांनी भरून ठेवलेला रातकिड्यांचा डबा त्यांच्यानंतरही पुरला, आणि चार दिवसांपूर्वी संपला. मग तिनं स्वतः माप घेतलं, प्राण्यांच्या दुकानात जाऊन बारा मिलिमीटरचे मागितले. वहीत आठ लिहिलेलं होतं. आठाचे तेरा – वाढलाय की, असं वाटून तिला त्या दुकानातच, पिंजऱ्यांच्या कलकलाटात, किती आनंद झाला होता... पहिल्या दिवशी त्यानं झेप घेतली, एक किडा अर्धा तोंडात गेला, पण डोकं झटकत, गिळायला बघत, मागं सरत शेवटी त्यानं तो बाहेर टाकला. त्यानंतर तीन दिवस काही नाही. तिनं किडे आत तसेच सोडून दिले. भूक लागेल तेव्हा खाईल. आज सकाळी त्याच्या मागच्या पायाच्या बोटावर एक बारीक लाल खूण होती. किडेच चावले होते त्याला.

भूक लागेल तेव्हा खातील. सुपाची वाटी बाबांच्या उशाशी तशीच ठेवून ती खोलीबाहेर यायची...

दुपारी आत्या आली. आली ती थेट काचेच्या पेटीपुढं, कमरेवर हात ठेवून. 

"सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात. ह्याची तर काचेपर्यंतच."

"झोपलाय तो, आत्या."

"झोपलाय कसला, रुसलाय. आमच्या दादासारखाच. खायचं नसलं की डोळे मिटून घ्यायचे, लहानपणापासूनची खोड." आत्यानं पदर सावरला आणि आवाज जरा खाली आणला. "हे बघ, त्या प्राण्यांच्या दुकानवालीशी बोललेय मी. पाच वाजता खोकं घेऊन येते म्हणाली. जगला तर तिच्याकडे जगेल. तुझ्या हातात मेला तर तू दुसऱ्यांदा बसशील रडत, आणि मला इथं मुक्काम ठोकावा लागेल."

"मी रडले कुठं?"

"तेच तर म्हणतेय. तू जेवलीस का?"

तिनं पट्टी पुसायला घेतली. "बघ," आत्या सरड्याला म्हणाली, "दोघं एका माळेचे मणी," आणि चहा टाकायला आत गेली.

पाच वाजायला थोडाच वेळ होता. ती पेटीसमोर खुर्ची ओढून बसली. दिव्याखालच्या दगडावर तो चपटा होऊन पसरला होता. तिनं चिमट्यात एक किडा धरून पुढं केला. त्यानं डोळा उघडला. एकच, किड्याच्या बाजूचा. मान किंचित कलती केली, सोनारानं काटा बघावा तशी, आणि त्या एका डोळ्यानं बराच वेळ पाहत राहिला. समोर बघ ना, असं तिच्या मनात आलं. बाबा गिऱ्हाइकाला म्हणायचे, समोर बघा, माझ्या कपाळाकडे, हलू नका... आणि पट्टी नाकावर टेकवायचे. बुबुळाच्या मध्यापासून बुबुळाच्या मध्यापर्यंत. दहा वर्षांची असताना तिला त्यांनी तेवढं एकच शिकवलं होतं. पण हा समोर बघतच नव्हता. ह्याला समोर नव्हतंच. ह्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, दोन घरांसारखे –

तिचा हात तसाच राहिला.

बुबुळ ते बुबुळ मोजलं होतं तिनं. चष्मा करायचा असल्यासारखं.

पट्टी पुन्हा घेतली. ह्या वेळी डोळ्यांच्या आतल्या कडांपासून, मधल्या खवल्यांच्या सपाटीवर. आठ. साडेआठ फार तर. सरडा वाढला नव्हता. घास मोठा झाला होता.

घास मोठा होतोय गं. बाबा म्हणाले होते. एकदा नाही, तीन-चारदा. आणि तिला ती सबब वाटली होती, कारण खायचं नसलं की त्यांच्या सबबी पुष्कळ असत. सूप गार आहे, मीठ नाही, मग खातो. ती तो मोठा चमचा तसाच ओठांशी धरून बसायची. थोडं तरी खा. बाबा, माझ्यासाठी. स्वयंपाकघरात लहान चमचे होते. चहाचे, सहा. खणात, डाव्या हाताला.

आत भांड्याचा आवाज झाला. "साखर किती?" आत्यानं विचारलं.

तिनं पेटीतले सगळे किडे एकेक करून वेचले. डब्यात तळाशी काही लहान होते, मागं पडलेले. त्यातला एक कॅल्शियमच्या पुडीत घोळवला आणि सरड्यापुढं सोडला. मान कलली. वेळ गेला. मग जीभ – इतकी पटकन की तिला दिसली ती फक्त किडा नसलेली जागा. तिनं दुसरा सोडला. तो किडा दगडाच्या कडेनं चालत गेला, सरड्यानं त्याच्याकडे पाहिलं आणि तो तसाच बसून राहिला.

जिन्यावर पावलं वाजली, बहुधा दुकानवालीच. खा, हा शब्द तिच्या जिभेवर आला नाही, आणि तो आला नाही याचं तिला नवल वाटलं. त्याचा एक डोळा किड्याकडे होता. दुसरा, इतका वेळ तिच्या लक्षातच न आलेला, तिच्या बाजूचा डोळा, उघडा होता आणि तिच्यावर होता. किती वेळ असेल? त्या डोळ्यात ती केवढी दिसत असेल, आणि कुठल्या रंगाची... बाबा रोज सकाळी याच खुर्चीत बसायचे. बसून काय करता, असं तिनं कधी विचारलं नव्हतं.

ती पुढं वाकली, आणि बाबा भिंगं बदलून झाल्यावर ज्या आवाजात विचारायचे त्या आवाजात, अगदी हळू, म्हणाली, "आता कसं दिसतंय?"