भारीतला

पुलांचे आराखडे काढणाऱ्या त्या कचेरीत नवे लॅपटॉप घ्यायचं ठरलं. साहेबांनी बाईंना विचारलं, "तुम्हाला कसला हवा?" पुलाचं सगळं थ्रीडी काम बाईच करायच्या. त्या म्हणाल्या, "भारीतला घ्या, साहेब. वेगळं ग्राफिक्स कार्ड, भरपूर रॅम. साइटवर न्यायला सोपा म्हणून हलक्यातला घेऊ नका, त्यावर पूल उघडतच नाही."

साहेबांना नेमकं 'भारी' तेवढंच ऐकू आलं. "एवढं ओझं बाईमाणसाला पेलणार आहे का?" म्हणत त्यांनी मोठ्या मनाने बाईंसाठी कागदासारखा पातळ लॅपटॉप मागवला. अंथरुणाला खिळलेल्या सासूला बाई रोज सकाळी उचलून खुर्चीत बसवायच्या, ते साहेबांना कुठून ठाऊक? भारीतला गेला साहेबांच्या जावयाकडे, जो कचेरीत नुकताच चिकटला होता. तो त्यावर मॅच बघायचा.

बाईंच्या लॅपटॉपवर पूल अर्धा उघडायचा आणि तिथेच लटकायचा. शेवटी साहेबांनी भर मीटिंगमध्ये निकाल दिला, "मोठा पूल बाईंना झेपत नाहीये. तो जावईबापू करतील. बाईंना हलकी कामं द्या."

त्याच दुपारी जावईबापू दात काढत बाईंच्या टेबलाशी आले. "ताई, तेवढा पूल करून द्या ना. आपल्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

बाईंनी टेबलावर जागा केली. जावईबापूंनी आपला लॅपटॉप अदबीने समोर ठेवला.

"झाला की हाक मारा, मीच उचलून नेईन," ते म्हणाले. "तुम्हाला जड व्हायचा."